चिंधाने मोजलेले पाच बाजार

रुपचंद नाना वारले तेव्हा त्यांच्या टेबलावर जुन्या कॅलेंडरची बारा पाने होती, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेली. डावीकडे दोन बोटांचा समास, वर क्रमांक, खाली एकेक ओळ पट्टी लावल्यासारखी. चौतीस वर्षे कारागृह विभागात कारकुनी केलेल्या माणसाचे अक्षर होते ते, आणि पंचाहत्तरीत हात कापू लागला तरी त्या अक्षराने शिस्त सोडली नव्हती.

वर्षभरापूर्वी पेपरात एक निवेदन आले होते. गुन्हेगारांना होणाऱ्या शिक्षा आणि राज्यातले तुरुंग यांत काय सुधारणा व्हाव्यात, याच्या शिफारशी करायला सरकारने समिती नेमली होती. ज्यांना अनुभवाने काही ठाऊक असेल त्यांनी लिहून कळवावे, असे आवाहन होते. नानांनी ‘अनुभवाने’ या शब्दाखाली रेघ मारली, चष्मा पुसला आणि वच्छलाबाईंना विचारले, “मागच्या वर्षीचं कॅलेंडर टाकलं की आहे?”

मग रोज सकाळी चहा झाला की ते लिहायला बसत. एका पानावर एक सूचना. वच्छलाबाई शेजारणींना सांगत, “आमचे साहेब पुन्हा ड्युटीवर लागले. पगार नाही, पण वेळ सांभाळतात.”

दिपमाला त्यांची एकुलती एक मुलगी. चाळीसगावच्या कॉलेजात ग्रंथपाल. वडील गेल्यापासून दर शनिवारी ती जळगावला आईकडे येई आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जाई. वाचनाची सवय तिला नानांनी लावली होती. बदलीच्या प्रत्येक गावात सामान सोडवायच्या आधी ते तिला तिथल्या वाचनालयात नेऊन नाव घालत. आता ती आली की पाय धुऊन त्यांच्या खुर्चीत बसे, आणि घरात एक प्रश्न ऐकू येत नाही हे तिला दरवेळी नव्याने कळे. ती दारात पाऊल टाकायच्या आत नाना विचारत, “परत कधी जाणार?” लग्नानंतरची पहिली काही वर्षे तिला याचा राग यायचा. पुढे त्यांनीच एकदा सांगितले होते, की जायची तारीख ठरलेली असली की माणूस असतो तितके दिवस निवांत असतो. तुरुंगात आपण एवढे एकच शिकलो, असे ते म्हणत.

नाना गेल्यावर तिने अकरा पाने सुवाच्य उतरवून समितीला पाठवली होती. चार महिन्यांनी उत्तर आले. समिती जानेवारीच्या अखेरीस जळगावला येत होती. निवेदकाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने हजर राहून पाच मिनिटांत म्हणणे मांडावे.

बारावे पान तिने पाठवले नव्हते.

त्या शनिवारी मिसबाह घरी आली. ती जळगावच्या कोर्टात विधी सेवेच्या यादीवरची वकील. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस तिच्याकडे येत. चाळीसगावला शिकत असताना ती कॉलेजच्या वाचनालयातच पडलेली असायची, आणि अजूनही दिपमालाला मॅडमच म्हणायची. तिने अकराच्या अकरा पाने नीट वाचली आणि खाकरून म्हणाली, “मॅडम, राग मानणार नसाल तर एक सांगते.”

“सांग.”

“हे सगळं बरोबर आहे. आणि हे सगळं समितीला दोनशे जणांनी लिहून दिलेलं असणार. सात नंबरची सूचना तेवढी मी कुठे वाचलेली नाही. बंदी आत आला की त्याच्या सुटकेची तारीख, आणि ती कशी काढली तो दिवसांचा हिशोब, त्याच्या हातात लेखी द्यावा. पण का, ते नानांनी लिहिलं नाही. समितीवाले विचारतील, याची गरज काय? तेव्हा काय सांगणार?”

दिपमाला उठली आणि कपाटातून बारावे पान काढून आणले. मिसबाहने ते वाचले, मग पुन्हा एकदा वाचले, आणि वच्छलाबाईंकडे पाहिले.

“मला माहितीये त्यात काय आहे,” वच्छलाबाई म्हणाल्या. त्या वांगी निवडत बसल्या होत्या. “हिने वाचून दाखवलं मला. ते पाठवायचं नाही.”

“आई, त्याशिवाय सातव्या पानाला जीव नाही.”

“नसू दे. तुझ्या वडिलांनी चौतीस वर्षं नोकरी केली. एक मेमो नाही, एक ठपका नाही. आता ते गेल्यावर तू भर सभेत उभी राहून सांगणार, की माझ्या बापाने एका माणसाला जास्तीचे दिवस आत ठेवलं? त्यांना पाठवायचं असतं तर वर क्रमांक घातला असता. बघ, आहे का क्रमांक?”

क्रमांक नव्हता. अकरा पानांवर होता, याच्यावर नव्हता. दिपमाला बराच वेळ पानाच्या वरच्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिली. आई म्हणत होती त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते.

“मग एक करू,” ती शेवटी म्हणाली. “हे पान नानांचं आहे तितकंच त्या माणसाचं आहे. तो हयात असेल तर त्याला वाचून दाखवते. तो नको म्हणाला तर फाडून टाकीन. पुन्हा विषय नाही.”

“आणि तो शिव्या द्यायला लागला तर?”

“तर ऐकून घेईन.”

वच्छलाबाईंनी एक वांगे उलटसुलट करून पाहिले, किडके निघाले ते बाजूला टाकले. “डबा घेऊन जा,” एवढेच म्हणाल्या.

रविवारी सकाळी ती सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरने दोंडाईचाला उतरली. पानावर नाव होते, गाव होते. रिक्षावाल्याला चिंधा धनसिंग म्हटल्यावर त्याने विचारलेसुद्धा नाही, गावाबाहेरच्या मिरचीच्या पथारीवर नेऊन सोडले. दोन-अडीच बिघे जमिनीवर लाल मिरची वाळत पसरलेली होती आणि हवाच तिखट होती. कडेला ताडपत्रीच्या सावलीत साठीचा एक किडकिडीत माणूस आणि त्याची बायको मिरचीचे देठ खुडत बसली होती.

“चिंधा धनसिंग आपणच का?” तिने तोंडावर पदर धरून विचारले.

“मीच शे. मतदार यादीवाली शे का तू? मनं नाव शे यादीमा.”

“नाही. मी रुपचंद बाबूंची मुलगी. कारागृहात कारकून होते ते.”

चिंधाचा हात थांबला. त्याने तिला नीट निरखून पाहिले, जणू चेहऱ्यात कुणी ओळखीचे सापडते का ते शोधत होता. “जेलना रुपचंद बाबू? कसा शेतस बाबू?”

“पाच महिने झाले जाऊन.”

“अरेरे. हाई काय आयकाडं तू, माय.” त्याने डोक्याचे फडके काढून मांडीवर ठेवले.

“कोन शे?” बायकोने विचारले. सुनंदाबाई तिचे नाव. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून.

“जेलना बाबूनी आंडेर.”

“मंग आते जेलना पाव्हनाबी घर येवाले लागनात,” सुनंदाबाई म्हणाली, पण तिने सरकून जागा केली आणि मिरचीचा एक लहान ढीग दिपमालापुढे लोटला. “बठेल शे तं देठ खुड. डोळाले हात लावू नको.”

दिपमाला देठ खुडू लागली. दहा-बारा मिरच्या झाल्यावर, बोटे चुरचुरायला लागल्यावर, तिने सांगितले की नानांनी मरायच्या आधी एक पान लिहून ठेवले आहे, ते चिंधाबद्दल आहे, आणि त्याने ऐकावे म्हणून ती आली आहे. मग तिने हात पदराला पुसले आणि पान वाचले.

“‘सदर बंदी चिंधा धनसिंग हा धुळे जिल्ह्यातला, उसाच्या फडावर कामास गेला असता तेथील मुकादमाशी मारामारी होऊन अटक झालेला. मी त्या वेळी खानदेशाबाहेर ज्या कारागृहात होतो तेथे तो शिक्षा भोगत होता. शिक्षा भरत आली असता त्याने मला आमच्या बोलीत सांगितले, की बाबू, माझे दिवस भरून गेले, मी बाजार मोजले आहेत, पाच बाजार जास्त झाले. आत असताना तो, पहिल्या अटकेपासून, दर आठवड्याला गावच्या बाजाराच्या दिवशी करदोड्याला गाठ मारीत असे. मी हसलो. आमच्या भागातला माणूस आठवड्यात दोन बाजार करतो, एक गावचा व एक दोंडाईचाचा, हे मला ठाऊक होते. हा कधी हा धरतो, कधी तो धरतो, त्यात पाच गाठी वाढल्या असतील, असे मी गृहीत धरले व तसे त्यास समजावून परत पाठविले. दुसऱ्या जिल्ह्यातला कारकून असता तर त्यास बाजारातले काही कळले नसते व त्याने निमूट रजिस्टर उघडले असते.

‘बंदी सुटून गेल्यावर सुमारे आठ महिन्यांनी दुसऱ्याच फाइलीत तालुक्याच्या उपकारागृहाचे पत्र सापडले. पहिल्या अटकेनंतर जामीन होईपर्यंत तो तेथे सदतीस दिवस कच्चा कैदी होता. ते दिवस शिक्षेतून वजा व्हावयाचे होते, झाले नाहीत. सदतीस दिवस म्हणजे पाच बाजार व वर दोन दिवस. बंद्याचा हिशोब बरोबर होता. पत्र मी योग्य त्या फाइलीस लावले व कोणास काही बोललो नाही. कोणी विचारले नाही. सदर बंदी माझ्याच भागातला असल्याने मी त्याचे म्हणणे ऐकून घेतले, परंतु तपासले नाही.’”

वाचताना आवाज स्थिर राहिला याचे तिला स्वतःलाच नवल वाटले. ताडपत्री वाऱ्याने फडफडली.

“ते पाच बाजारवालं परत वाच,” चिंधा म्हणाला.

तिने वाचले.

चिंधा बायकोकडे वळला. “आयकं का?”

सुनंदाबाई देठ खुडत होती. हात जरा हळू चालत होते.

“तुले काय सांगू, माय,” चिंधा दिपमालाला म्हणाला. “सव्वीस वरीस जयात. एक मानूस मना आधी सुटना, त्यानाजोडे मी निरोप धाडा, की अमका बाजारले मी गाडीवरथीन उतरसू. हाई बाई तिना भाऊले लिसन टेशनवर उनी. मी नही. दुसरा बाजारले उनी. मी नही. अशा पाच बाजार. सहावाले मी उतरनू, तं हाई कोठे शे? घर. दार लायेल. बोलेच ना.”

“गावमातल्या बाया हासेत माले,” सुनंदाबाई मिरच्यांकडे बघत म्हणाली.

“मी सांगं, जेलवालासनी चूक शे. तं हाई म्हने, सरकारना घर इतला कागद, इतला बाबू. ते चुकतीन का तू चुकशी?”

“मना भाऊनी सांगं, ह्याले सुरतले कोनी तरी दखं.”

“कोनी दखं, ते आजलगून सांगं नही त्यानी.” चिंधा हसला, मग हसू आवरून दिपमालाकडे बघू लागला. “सव्वीस वरीस भांडन कसावरबी होवो, भाजीमा मीठ जास्त होवो, शेवट एकच. पाच बाजार तू कोठे व्हता, ते सांग.”

दिपमाला नानांच्या चुकीचे ओझे घेऊन आली होती. येताना गाडीत तिने शिव्या, रडणे, अबोला अशा सगळ्याची तयारी करून ठेवली होती. हे तिच्या तयारीत नव्हते. नानांनी फाइलीत लावून टाकलेल्या कागदापायी, सुटल्यावर पाच आठवडे तो सुरतेला होता असे मानून, एका घरात सव्वीस वर्षे एक माणूस खोटा ठरत आला होता, आणि त्या पानाची गरज त्यालाच जास्त होती.

“समितीपुढे वाचायचं असेल तर नावं गाळून वाचता येईल,” ती म्हणाली. “तुमचं आणि नानांचंही. आईची तशी इच्छा आहे.”

“नाव काढशी तं मंग हाऊ कोना पाच बाजार?” चिंधाने विचारले. “नाव ऱ्हाऊ दे. दोन्ही ऱ्हाऊ दे. मुकादमना हात मी मोडा, तेबी सांग. ते काही खोटं नही.”

“राग नाही का तुम्हाला त्यांचा?”

त्याने विचार केला. घाईने उत्तर देणारा माणूस नव्हता तो. “व्हता. सुटनू तव्हय भलता व्हता. पन बाबू वाईट नव्हता. तठे इतला मानसं, आपली बोली बोलनारा तो एकलाच. सकाळले इचारे, कसं चिंधा, जेवना का? म्हनीसन तं मी त्याले सांगं. दुसरा बाबू ऱ्हाता तं मी तोंडबी उघाडता नही.” थोडे थांबून म्हणाला, “हुशार व्हता बाबू. गावना मानूसनं बठ्ठं आपलेच मालूम शे, असं वाटे त्याले.”

दिपमालाने मान हलवली. नानांचे इतके नेमके वर्णन शोकसभेत कुणी केले नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि सवयीने हात डोळ्याला गेला.

“सांगं व्हतं ना,” सुनंदाबाई ओरडली आणि घागर उचलून धावत आली. पुढची दहा मिनिटे ती दिपमालाच्या डोळ्यांवर पाणी मारत होती आणि चिंधाला बोलत होती, जणू तो ठसकाही त्यानेच आणला होता. डोळे उघडता यायला लागल्यावर चहा आला. निघताना सुनंदाबाईने विचारले, “तो कागद तठे वाचशी? सायबेसन म्होरे?”

“हो. बुधवारी, जळगावला.”

“मंग आम्ही येतस. साहेब लोके काय म्हनतस, ते माले आयकनं शे.”

घरी येऊन दिपमालाने आईला सगळे सांगितले, स्टेशनवरच्या पाच फेऱ्यांसकट. वच्छलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकले. “बिचारी बाई,” म्हणाल्या. मग, “मी नाही येणार तिथं.”

बुधवारी सकाळी त्या धुवट साडी नेसून, पायात चप्पल घालून ओट्यावर बसलेल्या होत्या. दिपमालाने नुसते पाहिले.

“कोणी त्यांच्याबद्दल वेडंवाकडं बोललं तर घरचं माणूस नको का तिथं?” त्या म्हणाल्या. “चल. रिक्षा सांग.”

सभागृहात माणसे भरपूर होती. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायमूर्ती बाई होत्या, त्यांच्या एका बाजूला प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला वरिष्ठ अधिकारी, आणि कडेला लॅपटॉपवर टिपून घेणारा लघुलेखक. वकील आले होते, संस्थांचे लोक आले होते. बहुतेक जण चांगले बोलत आणि पाच मिनिटांची घंटा झाली की सातव्या मिनिटाला थांबत. वच्छलाबाई मागच्या रांगेत बसल्या. चिंधा आणि सुनंदाबाई आली, मिसबाहने त्यांना त्याच रांगेत बसवले. दोन्ही बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि पुन्हा समोर.

एकोणिसावा नंबर दिपमालाचा होता. तिने सातवी सूचना वाचली. मग, मागे वळून न पाहता, बारावे पान वाचले. नावे वाचली, मुकादमाचा मोडलेला हात सांगितला, ‘मी हसलो’ वाचले. घंटा वाजायच्या आधी ती थांबली होती.

अधिकाऱ्यांनी सौम्यपणे सांगितले, “ताई, तुमच्या वडिलांचा प्रामाणिकपणा मोठा आहे. पण ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आता सगळं संगणकावर आहे. कच्च्या कैदेचे दिवस आपोआप वजा होतात.”

“संगणकात ते दिवस कोणी घातले तर वजा होतात, सर,” दिपमाला म्हणाली. “तालुक्याहून पत्रच आलं नाही, तर संगणकालाही कळणार नाही. ते फक्त त्या माणसाला माहीत असतं.”

“बंद्याने विचारलं तर तारीख सांगितली जातेच.”

मिसबाह उभी राहिली. “परवानगी असेल तर, मॅडम. गेल्या महिन्यात मी शिक्षा झालेल्या चौदा जणांना विचारलं, तुमची सुटका कधी? तिघांनी तारीख सांगितली. बाकीचे अकरा म्हणाले, साहेबांना माहीत.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून सभागृहात पाहिले. “ज्यांच्याबद्दल हे आहे, ते आलेत का?”

चिंधा उभा राहिला. टोपी काढावी की ठेवावी, हे न कळून त्याने ती अर्धी सरकवली.

“तुम्ही बाजार मोजलेत. एखादा चुकेल अशी भीती नाही वाटली?”

“बाजारना वार कसा चुकी, बाईसाहेब? जेलमा बाकी काय व्हतं मोजाले?”

लोक हसले. अध्यक्षाही हसल्या. “आणि तुमचं म्हणणं बरोबर आहे, हे बाबूंना कसं पटवणार होतात?”

“कसं पटाडतू? त्यानाजोडे रजिस्टर, मनाजोडे करदोडा.” तो थांबला. “त्यानी मना गाठी लिही लेत्या आनि रजिस्टरसंगे दखता, इतलंच व्हतं.”

अध्यक्षांना बोली कळली नसावी असे वाटून दिपमालाने सांगायला तोंड उघडले. पण त्यांनी हात वर केला. कळले होते. त्या लघुलेखकाकडे वळल्या आणि सावकाश मजकूर सांगू लागल्या. सुटकेची तारीख आणि ती कशी काढली तो हिशोब बंद्याला त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यावा. उपकारागृहातले दिवस मागवून घेण्याची जबाबदारी कारागृहाची असावी, बंद्याची नव्हे. मग जरा थांबून त्यांनी तिसरे वाक्य घातले, जे नानांच्या सातव्या पानावर नव्हते. बंद्याने आपला हिशोब सांगितल्यास तो त्याच्याच शब्दांत नोंदवून घ्यावा, आणि सात दिवसांत तपासून त्याला उत्तर द्यावे.

अधिकारी काही बोलणार होते, पण त्यांनी पेन उचलून स्वतःच्या कागदावर तिसरे वाक्य उतरवून घेतले.

“एक विचारते,” अध्यक्षा दिपमालाला म्हणाल्या. “हे पान वडिलांनी स्वतः का पाठवलं नसेल?”

मागच्या रांगेत आई बसली आहे, हे दिपमालाला पाठीतून जाणवत होते. खोटे सांगायचे नव्हते. जे माहीत नाही तेही सांगायचे नव्हते.

“क्रमांक घालायचा राहिला होता,” ती म्हणाली. “क्रमांक नसलेला कागद त्यांनी कधी ऑफिसबाहेर जाऊ दिला नाही. आणखी काय असेल ते मला ठाऊक नाही. पण लिहिलं त्यांनीच.”

अध्यक्षांनी मान डोलावली आणि विसावा नंबर पुकारला.

बाहेरच्या व्हरांड्यात लघुलेखकाने निवेदनाची छापील प्रत सहीला आणली. निवेदकाच्या नावाच्या जागी बोट ठेवून त्याने विचारले, “वडिलांच्या नावाआधी कै. लावू ना, ताई?”

पाच महिने दिपमालाने ते एक अक्षर कुठेही लिहिले नव्हते. बँकेच्या फॉर्मवर, वाचनालयाला दिलेल्या देणगीच्या पाटीवर, सगळीकडे ते काही ना काही निमित्ताने टाळले होते. आज टाळावेसे वाटले नाही. कागद पूर्ण असायला हवा होता.

“लावा,” ती म्हणाली. “आणि खाली यांचंही नाव घाला. चिंधा धनसिंग. तिसरं वाक्य त्यांचं आहे.”

चिंधाने सही केली. आधी मोठ्या अक्षरात, मग जागा पुरेना म्हणून बारीक करत नेत. मिसबाहने सांगून टाकले की अहवाल यायला वर्ष जाईल, आल्यावर सरकार किती मानेल ते देव जाणे, तेव्हा कुणी फार आशा धरून बसू नये. “बसत नाही,” दिपमाला म्हणाली, आणि तिला खरोखरच हलके वाटत होते.

वच्छलाबाई पुढे आल्या. चिंधाकडे न बघता, व्हरांड्याच्या खांबाला सांगावे तसे म्हणाल्या, “दोनदा निघाले होते ते दोंडाईचाला. रिटायर झाल्यावर. सकाळी गेले की संध्याकाळी परत. काय काम होतं विचारलं तर म्हणायचे, काही नाही, मिरचीचा ठसका लागला, परत आलो.”

“टेशनलगून ऊनात आनि घर ऊनात नहीत?” चिंधाला वाईट वाटले. “च्या पेतात ना. मी काय मारतू का त्यासले?”

“तेच तर,” वच्छलाबाई म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसले. “आता तुम्ही चला. घरी भरीत केलंय, कळण्याच्या भाकरी आहेत. गाडीला वेळ आहे अजून.”

सुनंदाबाईचे लक्ष तिकडे नव्हते. लघुलेखकाच्या हातातली दुसरी प्रत तिने मागून घेतली होती, आणि मिसबाहला विचारून पाच बाजार कोणत्या ओळीत आहेत तिथे नखाने खूण करून ठेवली होती. कागद चार घड्या करून तिने पिशवीत घातला.

“जेवन करू आनि निंघू,” ती नवऱ्याला म्हणाली. “घर जावाना आधी भाऊनाकडे जानं शे.”

“ऱ्हाऊ दे ना आते. म्हातारा व्हयना तो.”

“म्हातारा व्हयना, बहिरा नही,” सुनंदाबाई म्हणाली, आणि वच्छलाबाईंच्या मागोमाग रिक्षात चढून बसली.